एकाच विहिरीचं पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायलं, मग टायफॉईड एकट्या पोराला कसा?

मलप्रभाकाठची:

नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता मायक्रोबायॉलॉजी सगळी इंग्लिशमधनं, त्यामुळं पाठ होतं पण डोक्यात उतरत नाही. त्यात घरीच एक प्रकार झाला म्हणून विचारूलाले, कुणीतरी मराठीत नीट समजावून सांगा.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याला (सात वर्षांचा आहे) ताप सुरू झाला. रोज संध्याकाळ झाली की चढायचा, जिभेवर पांढरा थर, पोट दुखतंय म्हणून रडायचा, खाणं बंदच. चार दिवस पावसाळी ताप म्हणून पॅरासिटॅमॉलवर काढले, मग तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणाले. गोळ्या चालू केल्यावर चौथ्या दिवशी ताप उतरला आणि दादानं लगेच गोळ्या बंद केल्या, म्हणाला उगाच पोराच्या पोटात गरम औषध कशाला. मी भांडले तेव्हा परत सुरू केल्या.

मी घरी सगळ्यांना सांगितलं की पाणी उकळून प्यायचं. आजी ऐकूलाली नाही. तिचं म्हणणं, "पाणी वाईट असतं तर घरातली सातही माणसं पडली असती की. माझी पंचाहत्तर वर्षं ह्याच विहिरीवर गेली." आणि खरं सांगते, मला उत्तर देता येईना. पुस्तकात आहे की साल्मोनेला टायफी हा जंतू पोटात गेला की टायफॉईड होतो. सातजणांच्या पोटात गेला, मग झाला एकालाच का? परत वर्गात मॅडम म्हणाल्या की आपल्या अंगात आपल्या पेशींपेक्षा बॅक्टेरियाच जास्त आहेत, मग ते कसे काही करत नाहीत? चांगला जंतू कुठला आणि वाईट कुठला हे ठरतं कशावरनं? परीक्षेसाठी विचारत नाही, आजीला सांगता आलं पाहिजे म्हणून विचारते.


अनगोळ_लॅबवाला:

ताई, आधी हे ऐक, तुझ्या आजीनं विचारलेला प्रश्न जर्मनीत एका मोठ्या प्रोफेसरनं विचारला होता. माक्स फॉन पेटेनकोफर, म्युनिकचा. रॉबर्ट कॉखनं कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिल्यावर हा म्हणायचा की नुसत्या जंतूनं काही होत नाही. 1892 मध्ये त्यानं काय करावं, पोटातलं अ‍ॅसिड मारायला आधी सोडा घेतला आणि कॉलऱ्याचे जिवंत जंतू घातलेलं द्रावण सरळ पिऊन टाकलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. त्याला वाटलं आपण जिंकलो. पण कॉखचा जंतू खराच होता, कॉलरा त्यानंच होतो. म्हणजे दोघांचं अर्धं अर्धं बरोबर. जंतू पाहिजेच, पण जंतू आला म्हणजे रोग आलाच असं नाही.

आता टायफॉईडचं. 1960 च्या दशकात अमेरिकेत मेरीलँडला स्वयंसेवकांना दुधातनं मोजून साल्मोनेला टायफी पाजला होता, लसीच्या अभ्यासासाठी. (आज असं करायला कितीतरी परवानग्या लागतील, आणि लागायलाच पाहिजेत.) आकडे बघ. हजार जंतू पाजलेल्यांपैकी एकही आजारी पडला नाही. एक लाख पाजले तर शंभरात 28 जण पडले. एक कोटी पाजले तर निम्मे. शंभर कोटी पाजले तेव्हा कुठं शंभरात 95. आणि तरीसुद्धा पाच जण उभेच होते. तुझ्या आजीला एवढं जरी सांगितलंस तरी तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं, पाणी घाण असून सगळे पडले नाहीत ह्यात नवल काहीच नाही.

विहिरीतलं पाणी म्हणजे साखर विरघळलेला चहा नव्हे की प्रत्येक कपात सारखंच. जंतू गठ्ठ्यानं असतात, मोठा पाऊस झाला की त्या दिवशीच्या कळशीत जास्त, दोन दिवसांनी कमी. पोरानं कुठल्या दिवशी कुठल्या तांब्यातनं पाणी प्यायलं कुणाला ठाऊक. मग पोटातलं अ‍ॅसिड, आपला पहिला पहारेकरी तोच, बहुतेक जंतू तिथंच मरतात. ज्यांना पित्ताच्या रोजच्या गोळ्या चालू असतात त्यांचं अ‍ॅसिड कमी, त्यांना थोडे जंतूही पुरतात. रिकाम्या पोटी ढसाढसा पाणी प्यायलं तर ते पटकन खाली सरकतं. शिवाय घरातल्या मोठ्या माणसांच्या अंगात आधी कधीतरी लहानसा संसर्ग होऊन गेल्यामुळं थोडीफार ताकद असू शकते, सात वर्षांच्या पोराला ती कुठनं असणार. म्हणून टायफॉईड शाळकरी पोरांना जास्त.

त्यातनं जो जंतू वाचला तो काय करतो ते बघ, कारण टायफॉईडची खरी गंमत तिथं आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पायर्स पॅच म्हणून गाठींसारखे ठिपके असतात, तिथल्या पेशींमधनं तो भिंतीच्या पलीकडं जातो. तिथं आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, गिळल्यावर मारायचं काम त्यांचं, पण हा आत मरतच नाही, उलट त्यांच्या पोटात बसून यकृत, प्लीहा, हाडांतला मगज असा सगळीकडं फिरून येतो. पोलिसाच्या गाडीत बसून चोरानं गाव फिरावं तसं. तिथं वाढून परत रक्तात उतरतो तेव्हा ताप चढतो. ह्याला साधारण आठ-चौदा दिवस लागतात, कधी कमी कधी जास्त. म्हणून ताप आला की लोक आदल्या दिवशी खाल्लेल्या भेळेला दोष देतात ते चूक, दोन आठवडे मागं जाऊन आठवायला पाहिजे. शेवटी पित्ताशयातनं तो परत आतड्यात येतो आणि शौचावाटे बाहेर, दुसऱ्या कुणाच्या पाण्यात जायला मोकळा.

दादानं गोळ्या बंद केल्या ते मात्र वाईट झालं, बरं केलंस भांडलीस. बरोबर औषध दिलं तरी ताप उतरायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि ताप उतरला म्हणजे पेशींच्या आत लपलेले सगळे मेले असं नाही. अर्धवट सोडलं तर दोन-तीन आठवड्यांनी काहींना परत उलटतो. डॉक्टरांनी जितके दिवस लिहिलेत तितके पुरे करा.


चिकोडीचा_मळेकरी:

लॅबवाले सरांनी छान सांगितलं. मी शेतकरी माणूस, मला पेशी-बिशी कळत नाहीत पण विहिरीचं कळतं. ताई तुमची आजी म्हणते पंचाहत्तर वर्षं हेच पाणी, बरोबर आहे तिचं, विहीर तीच हाय. पण विहिरीच्या बाजूचं तेच हाय काय? संडास कधी बांधला आणि विहिरीपासनं किती लांब? आणि विहिरीच्या वरच्या अंगाला हाय का खालच्या?

आमच्याकडं 2019 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदमच फुगल्या, मळ्यातली विहीर काठोकाठ भरून गढूळ झाली. पाणी ओसरल्यावर आरोग्य खात्याच्या लोकांनी येऊन ब्लीचिंग कसं टाकायचं ते दाखवून दिलं तेव्हापासनं मी दर पावसाळ्यात टाकतो. हिशेब सोपा हाय. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीनं गुणायचं, मग 3.14 नं, आणि चारानं भागायचं. आलेल्या आकड्यावर तीन शून्यं टाकली की लिटर. समजा विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर, तर 28 हजार लिटरच्या वर जरासं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगलं ताजं ब्लीचिंग, म्हणजे सगळं मिळून सत्तरेक ग्रॅम. एवढंसंच लागतं, लोक पोतं ओततात आणि मग वास मारतो म्हणून टाकायचंच सोडून देतात. बादलीत आधी पातळ कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी कळशीत घेऊन विहिरीत खोलवर सोडून दोरानं हलवायचं. रात्री टाकलं की सकाळपर्यंत काम होतं, कमीत कमी एक तास तरी कुणी पाणी काढायचं नाही. पाणी गढूळ असलं तर एवढ्यानं भागत नाही, सकाळी पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तपासायचं किट पंचायतीत असतंय, त्यांना बोलवा.

ब्लीचिंगचा डबा उघडा ठेवला की त्यातला जोर उडून जातो हे पण ध्यानात ठेवा. आमच्या शेजाऱ्यानं तीन वर्षांपूर्वीचा डबा वापरला आणि म्हणतोय उपयोग होत नाही.


निपाणीच्या_बाई:

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी आकडा दुरुस्त कर. पूर्वी पुस्तकांत असायचं की अंगात आपल्या पेशींच्या दसपट बॅक्टेरिया असतात, 2016 मध्ये नीट मोजदाद झाली त्यात सुमारे 38 लाख कोटी बॅक्टेरिया आणि आपल्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटी असं आलं. म्हणजे जास्त आहेत पण जवळपास बरोबरीचेच. त्या सगळ्यांचं वजन पावशेराच्या आत. आणि जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात.

आता चांगला-वाईट. मुलांना मी सांगते, जंतू स्वभावानं चांगला किंवा वाईट नसतो, तो कुठं आहे आणि त्याच्याकडं काय हत्यार आहे ह्यावर ठरतं. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात सुखानं राहतो, तोच मूत्रमार्गात चढला की बायकांना लघवीला जळजळ, ताप. नाकात, कातडीवर मुक्कामाला असलेला स्टॅफिलोकॉकस जखमेत शिरला की गळू. म्हणजे घरातला माणूस दुसऱ्याच्या माजघरात शिरल्यासारखं.

आणि हत्यारं वेगवेगळी. कॉलऱ्याचा जंतू आपल्या मांसात शिरतच नाही, आतड्याच्या भिंतीला नुसता चिकटतो आणि एक विष सोडतो. हे विष असतं हे दाखवलं आपल्याच एका माणसानं, कोलकात्याचे शंभुनाथ डे, 1959 साली, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून. त्या विषानं आतड्याच्या पेशींचा नळ उघडाच राहतो, तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. माणूस जंतूनं मरत नाही, पाणी आणि मीठ गेल्यामुळं मरतो, म्हणून जीव वाचवायला पहिल्यांदा मीठ-साखरेचं पाणी, अँटिबायोटिक नंतर. पाणी तोंडानं देता येत नसेल तर सलाईन. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी सलाईन संपल्यावर हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. मला हे वर्गात सांगताना दर वर्षी भरून येतं, खोटं नाही.

धनुर्वाताचा तर जंतू जखमेतनं हलत पण नाही. शेणामातीत त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं पडून असतात, खिळा खोल गेला, आत हवा नाही, तिथं तो उगवतो आणि विष सोडतो, ते विष मज्जातंतूंतनं वर चढतं आणि स्नायू सैल सोडायचा हुकूमच अडवतं. म्हणून जबडा बसतो. तुझा टायफॉईड ह्या दोघांपेक्षा वेगळा, तो लपून बसणारा. आणि डेंग्यूसारख्या व्हायरसला तर स्वतःचं बिऱ्हाडच नसतं, आपल्या पेशी वापरून तो वाढतो. म्हणून त्याला अँटिबायोटिक देऊन काही होत नाही, कितीही मागितलं तरी.

मग आतड्यातले ते लाख कोटी नुसते बसून असतात काय? नाही. जागा अडवून धरतात. लॅबवाले सरांनी डोसचं सांगितलं त्याला जोडून सांगते, 1950 च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले होते, स्ट्रेप्टोमायसिन देऊन त्यांच्या आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया मारले, तर साल्मोनेलाचा अगदी थोडा डोससुद्धा त्यांना आजारी पाडायला पुरला. एसटी भरलेली असली की नव्याला बसायला जागा मिळत नाही, तसं. म्हणून मी आयांना सांगते, सर्दी-खोकल्याला मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणून पोराला देऊ नका, आपणच गाडी रिकामी करून देतो.

एक आठवलं, आपल्या बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो आहे ना, लोक तिथं फिरायला जातात, मुलं क्रिकेट खेळतात, पण नाव कशावरनं पडलं विचारा तर पोरांना माहीत नसतं. तिथं देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. 1980 मध्ये देवी जगातनं गेल्याचं जाहीर झालं, त्यात ह्या झाडीतल्या कौलारू इमारतींचाही वाटा आहे. मी दर वर्षी सहलीला मुलांना तिथं नेऊन हे सांगते.


शहापूरचा_पोरगा:

विडाल 1:160 आली (म्हणजे रक्त 160 पट पातळ केलं तरी टेस्ट लागली) म्हणजे टायफॉईड शंभर टक्के. आमच्या घरी तिघांना आलेली, तिघांना पण औषध दिलं, तिघे पण बरे झाले.


अनगोळ_लॅबवाला:

भावा, राग मानू नकोस पण इथं मला बोलावंच लागतंय, कारण रोज हातातनं ह्याच टेस्ट जातात. विडाल 1896 ची टेस्ट आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी शोधते. त्या आधीच्या वर्षीच्या संसर्गाच्या असू शकतात, लसीच्या असू शकतात, साल्मोनेलाच्या दुसऱ्या जातीच्या असू शकतात. आपल्यासारख्या भागात जिथं टायफॉईड कायम फिरत असतो तिथं धडधाकट माणसांची विडाल पण वर येते. आणि उलटं, खरा टायफॉईड असून पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी व्हायला सात-दहा दिवस लागतात. एकदाच काढलेल्या विडालवरनं ठरवणं म्हणजे धूर बघून कुणाच्या चुलीत काय शिजतंय ते सांगणं.

खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायचा), पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी. ती पण सगळे पेशंट पकडत नाही, अर्ध्यापेक्षा थोडे जास्त पकडते, पण जंतू हातात आला की कुठलं औषध चालेल ते पण कळतं. आणि आज तेच महत्त्वाचं झालंय. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा टायफॉईडवर जादू वाटली, 1990 पर्यंत जंतू त्याला बधेनासा झाला, मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, आपल्याकडं आता त्याचाही भरवसा राहिलेला नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये 2016 पासनं असा टायफॉईड पसरला की सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शनपण चालेना. दर वर्षी तापाला विडाल, विडालला अँटिबायोटिक, असं करून करून आपणच जंतूला शिकवतोय. तुमच्या घरचे तिघे बरे झाले ह्याचा आनंदच आहे, पण त्यातल्या दोघांचा व्हायरलचा ताप आपोआप उतरला असेल तरी तुम्हाला कळलं नसतं.


शहापूरचा_पोरगा:

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं दादा. म्हणजे दर पावसाळ्यात विडाल करायची गरज नाही तर.


अनगोळ_लॅबवाला:

स्वतःच्या मनानं तर अजिबात नाही. तीन दिवसांच्या वर ताप राहिला तर डॉक्टरकडं जा आणि कल्चर करायचं काय विचारा, पैसे थोडे जास्त लागतात पण वाया जात नाहीत.


मलप्रभाकाठची:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री सगळं मोठ्यानं आजीला वाचून दाखवलं. मेरीलँडचे आकडे ऐकून दादा गप्प बसला. आजीला मात्र मळेकरी काकांचा प्रश्न लागला. संडास चार वर्षांपूर्वी बांधलाय, विहिरीच्या वरच्या अंगाला, मी आज टेपनं मोजलं, साडेसहा मीटर. खालनं खड्डा उघडाच आहे, आणि आमच्याकडं सगळा जांभा दगड. आजी म्हणाली, "म्हणजे विहीर माझी चांगलीच होती, आपणच तिच्या उशाला घाण आणून ठेवली." इतकं वाईट वाटलं तिला.

पण आता माझ्याच डोक्यात एक शंका आलीय. पुस्तकात आहे की साल्मोनेला टायफी फक्त माणसात राहतो, जनावरात नाही. मग आमच्या खड्ड्यात तो आला कुठनं? घरात दुसरं कुणी आजारी नव्हतं. आणि आजी बोलता बोलता सहज म्हणाली की तिला लग्नाआधी मुदतीचा ताप आला होता, एकवीस दिवस, केस सगळे गळले होते. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉईडच ना? आणि तिला पित्ताशयात खडे आहेत, सोनोग्राफीत दिसलेत, ऑपरेशन केलेलं नाही. लिहायला पण हात धजत नाही पण... आजीकडनं तर नाही ना?


अनगोळ_लॅबवाला:

हो, मुदतीचा ताप म्हणजे बहुतेक वेळा टायफॉईडच. जुनी माणसं त्याची मुदत मोजायची, तीन आठवडे, म्हणून ते नाव. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडून माणसं जायची, त्यातनं तुझी आजी वाचली.

तुझी शंका अभ्यासू आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. टायफॉईड होऊन गेलेल्या शंभरात साधारण दोन ते पाच माणसांच्या अंगात जंतू पुढं वर्षानुवर्षं राहतो, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. राहतो कुठं, तर पित्ताशयात, आणि खडे असले तर खड्यांवर चिकट थर करून त्यात. बायकांमध्ये जास्त, वय झालेल्यांत जास्त. न्यूयॉर्कची मेरी मॅलन म्हणून एक स्वयंपाकीण होती, ती ज्या घरी कामाला जायची तिथं टायफॉईड निघायचा, 1907 मध्ये तिला पकडलं, आयुष्याची पंचवीसेक वर्षं बाईला बेटावर अडकवून ठेवलं. तिला शेवटपर्यंत पटलं नाही की आपण धडधाकट असून दुसऱ्याला आजार देतो. पटणार कसं, तिला कुणी प्रेमानं बसवून समजावूनच सांगितलं नाही असं मला वाटतं. नंतर असे कितीतरी वाहक सापडले, त्यांतल्या बहुतेकांना असं डांबलं नाही.

पण ताई, शंका म्हणजे निकाल नव्हे. पोरगं शाळेत जातं, जत्रेत खातं, पाहुण्यांकडं जातं. तुमच्या घरी पाहुणे येतात आणि तोच संडास वापरतात. शेजारच्या घराचा खड्डापण त्याच जांभ्याच्या भेगांतनं तुमच्या विहिरीत येत असेल. आजीची शौचाची तपासणी करता येते, स्टूल कल्चर म्हणतात, एकदा करून भागत नाही कारण जंतू रोज पडत नाही, थोड्या थोड्या दिवसांनी तीनदा तरी नमुना द्यावा लागतो. आणि निघालाच तरी उपाय आहे, डॉक्टर काही आठवड्यांचं औषध देतात, खड्यांमुळं नाहीच गेला तर पित्ताशय काढायचा विचार करतात. पंचाहत्तरीला ऑपरेशन करायचं का नाही ते डॉक्टरांनी आणि आजीनं ठरवायचं.


निपाणीच्या_बाई:

आजीला सांगताना एक करशील का, "तुझ्यामुळं" हा शब्द चुकूनही येऊ देऊ नको. तिला सांग की तू साठ वर्षांपूर्वी जी लढाई जिंकलीस त्यातला एखादा शत्रू अजून कोपऱ्यात लपलाय का ते बघायचंय. आणि रिपोर्ट येईपर्यंत तिचा स्वयंपाक बंद करू नका, तिचं अर्धं आयुष्य त्या चुलीपाशी गेलंय. शिजवलेल्या गरम भाकरीतनं, आमटीतनं हा जंतू जात नाही, आचेवर मरतो. ताक, कोशिंबीर, पाण्याचा माठ एवढं दुसऱ्या कुणीतरी बघा, आणि हात साबणानं धुवायचे ते घरातल्या सातही जणांनी, तिच्या एकटीनं नाही. पोरांसाठी टायफॉईडची लस असते, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांनाही देता येते, घरात आणखी लहान मुलं असतील तर डॉक्टरांना विचार.


चिकोडीचा_मळेकरी:

साडेसहा मीटर म्हणजे फारच जवळ. निदान पंधरा मीटर पाहिजे असं आमच्याकडं सांगितलं होतं, आणि जांभ्यात तर त्याहून लांब असलेलं बरं, भेगा असतात त्यातनं पाणी गाळून न निघता सरळ पळतंय. खड्डा हलवायचं काम पावसाळा संपल्यावर करा, आता खणलात तर आणखी घाण विहिरीत जाईल. तोवर उकळूनच प्या, एकदा खळखळून उकळी आली की पुरे, अर्धा तास चुलीवर ठेवून जळण घालवायची गरज नाही. मात्र झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा, तांब्या बुडवलात तर हाताचं सगळं परत त्यात.


मलप्रभाकाठची:

आज आजीला घेऊन गेले होते. वाटेत एसटीत तिला सगळं सांगितलं, बाईंनी सांगितलं तसंच. ती बराच वेळ खिडकीतनं बाहेर बघत होती, मग म्हणाली, "त्या तापात माझी धाकटी बहीण गेली. आम्ही दोघी एकाच खोलीत निजलेलो. मला तेव्हापासनं वाटायचं, ती गेली आणि मी का राहिले." आजपर्यंत हे कुणाला घरात माहीतच नव्हतं. तिचा विहिरीवरचा प्रश्न खरा कुठला होता ते मला तेव्हा कळलं. मी तिला तेच डोसचं, अ‍ॅसिडचं, शंभरातल्या पाचांचं परत एकदा सांगितलं, सावकाश, पहिल्यापासनं.

पहिला नमुना दिलाय, अजून दोन द्यायचेत. परत आल्यावर तिनंच सुनेला सांगितलं, मोठं पातेलं काढ, पाणी ठेव. पुतण्याच्या गोळ्या परवा संपतात. रिपोर्ट आला की इथं लिहिते.